गोळीचं गाऱ्हाणं

पाटवाडीत देवाशी बोलायचं काम गुरुदासाचं. वाडीत बाकीची माणसं मुकी होती असं नव्हे, नको तितकी बोलकी होती. पण देवासमोर उभं राहिलं की एकेकाची जीभ टाळूला चिकटे. नवी होडी पाण्यात घालायची आहे, बोलवा गुरुदासाला. विहीर खणायला जेसीबी आला, बोलवा गुरुदासाला. कुणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागो, नाहीतर कुणाच्या म्हशीनं दूध चोरो, गुरुदासच. तो नारळ पुढे ठेवी, टोपी सारखी करी आणि 'बा देवा म्हाराजा' म्हणून असं काही गाऱ्हाणं घाली की देवाला दुसरीकडे बघायची सोय राहत नसे. दर वाक्याला जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणून रुकार देत. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे आवाज असा, की मागच्या बाकावर झोपलेल्या माणसालाही आपलं गाव आलं असं वाटून जाग यावी. निवृत्त झाल्यावर तो सगळा आवाज देवाच्या कामी लागला.

अशा ह्या तोंडात उजवीकडे, अगदी मागे, खालची एक दाढ गेली काही वर्षं कुरकुरत होती. ती दुखायला लागली की गुरुदास बाजारातल्या डॉक्टरकडे जाई. डॉक्टर गर्दीतला माणूस, पेशंटांच्या रांगेत ताप, खोकला, विंचू सगळंच. दाढ बघायला त्याला वेळ कुठला? तो गालावरूनच ओळखी आणि लाल-पिवळ्या कॅप्सूलचं पाकीट लिहून देई. दोनेक दिवसांत दुखणं थांबे. दुखणं थांबलं की गोळ्या थांबत, आणि उरलेल्या गोळ्या देवघरात अंगाऱ्याच्या शेजारी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. फुकट कशाला घालवायच्या? आमच्याकडे नारळाची करवंटी फेकत नाहीत, ह्या तर विकतच्या गोळ्या.

एकदा शेजारच्या मथुराकाकीचा दात ठणकायला लागला. म्हातारी गाल धरून ओसरीवर येऊन बसली. गुरुदासाला दया आली. त्यानं डबा उघडला, एक कॅप्सूल काढली आणि सवय जाईना म्हणून तिच्यावर एक लहानसं गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या गोळयेक गुण दी आणि काकीक आराम पडांदे." काकी स्वतःच "होय म्हाराजा" म्हणाली, गोळी गिळली आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फोडून खाल्ली.

झालं. गुरुदासाच्या हाताला गुण आहे, हे वाडीभर झालं. दात दुखला, चला गुरुदासाच्या ओसरीवर. लोक आपापल्या घरातल्या उरलेल्या गोळ्याही आणून डब्यात टाकू लागले. दाताच्या, घशाच्या, कुणाच्या पायावरच्या गळवाच्या. गुरुदास रंगावरून निवड करी आणि गाऱ्हाण्यासकट देई. हे ऐकून डॉक्टर लोकांच्या अंगावर काटा येईल, पण पाटवाडीला काटा ठाऊक होता तो फक्त बांगड्याचा. गुरुदासाची बायको रुक्मिणी तेवढी मधून मधून म्हणे, "अवो, तुमी कंडक्टर होतास, कंपाउंडर न्हय." पण ती घरातली, तिचं कोण ऐकतो?

अशात जवळच्या कसालला प्राजक्ताचा दवाखाना निघाला. प्राजक्ता वैभववाडीची मुलगी, दातांचं शिकून आलेली, कसालला दिलेली. उद्घाटनाला गाऱ्हाणं घालायला अर्थातच गुरुदास. त्यानं देवाकडे तिच्यासाठी पेशंटांची रीघ मागितली, शाल-नारळ घेतला आणि जिलेबी खाऊन घरी आला.

रीघ लागलीही असती. पाटवाडीतून पहिला गेला तो बाबू रिक्षावाला. प्राजक्तानं त्याला खुर्चीत आडवं केलं, फोटो काढला, कीड कोरून दात भरला आणि दुखलंच तर घ्या म्हणून साध्या वेदनेच्या दोन गोळ्या दिल्या. बाबूचं दुखणं थांबलं, पण समाधान झालं नाही. तो थेट गुरुदासाच्या ओसरीवर आला. "गुरुदासानु, बाई हुशार आसा, पण अँटिबायोटिक लिवक नाय. मी मागलंय, तर म्हणता, तुमका गरज नाय."

गुरुदासानं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "जेका साधी गोळी लिवक येना नाय, तो कसलो डॉक्टर?"

गुरुदासाच्या तोंडून निघालेलं वाक्य वाडीत गाऱ्हाण्याइतकंच चाले. त्या दिवसापासून पाटवाडीतलं एकही माणूस कसालला फिरकलं नाही. रुक्मिणी म्हणाली, "देवाकडे तिच्यासाठी रीघ मागलास आणि घराक येवन तुमीच ती मोडलास. देवान आता कोणाचा आयकाचा?" गुरुदासानं पेपर तोंडासमोर धरला.

आणि मग नारळी पौर्णिमा जवळ आली. ह्या दिवशी दुपारी सगळी वाडी वाजतगाजत किनाऱ्यावर जाते, गुरुदास दर्यासमोर वर्षातलं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं घालतो, नारळ पाण्यात सोडतात आणि होड्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षभराची त्याची सगळी ऐट ह्या एका दिवसावर उभी. नेमकी तेव्हाच दाढ उठली. गुरुदासानं डबा उघडला, लाल-पिवळी काढली, स्वतःच गाऱ्हाणं घातलं, स्वतःच रुकार दिला आणि गिळली. दाढ ऐकेना. दुसरी गिळली, तिसरी गिळली. गाल चढत चढत कानापर्यंत गेला, अंगात ताप भरला, आणि एका सकाळी चहाची बशी ओठांना लावली तर तोंड उघडेचना. कशीबशी बोटभर फट पडे. तिच्यातून चहा आत जाई, पण गाऱ्हाणं बाहेर येण्यासारखं नव्हतं.

बातमी दत्तारामाला लागायला वेळ लागला नाही. दत्ताराम हा गाऱ्हाण्याच्या मानाचा वाडीतला दुसरा इच्छुक. गेली कित्येक वर्षं तो गुरुदासाच्या आजाराची वाट बघत होता, असं गुरुदासाचं म्हणणं. मनानं तसा वाईट नव्हता; आवाज मात्र पावसात भिजलेल्या फटाक्यासारखा. त्या संध्याकाळी तो माडाखाली उभा राहून 'बा देवा म्हाराजा' घोकत असल्याचं रुक्मिणीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि येऊन जसंच्या तसं सांगितलं. गुरुदासाच्या डोळ्यांत पाणी आलं. तापामुळे आलं असं त्यानं खुणेनं सांगितलं.

"कसालाक चला," रुक्मिणी म्हणाली.

गुरुदासानं जोरजोरात मान हलवली. त्याची भीती वेगळीच होती. दाढ काढली की तिथून वारा शिरतो आणि शब्दाला शिट्टी लागते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. 'म्हाराजा' म्हणताना शिट्टी वाजली तर देव काय म्हणेल, आणि त्याहून वाईट म्हणजे दत्ताराम काय म्हणेल? रुक्मिणीनं हे सगळं त्याच्या हातवाऱ्यांवरून ओळखलं, कारण इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याच्या तोंडाची गरज फारशी उरली नव्हती. तिनं पिशवी भरली, वरून गोळ्यांचा डबा टाकला आणि नवऱ्याला कसालच्या गाडीत बसवलं.

प्राजक्तानं त्याला ओळखलं. ह्याच माणसानं आपल्या दवाखान्याला देवाचा आशीर्वाद आणि पाटवाडीचा बहिष्कार दोन्ही मिळवून दिले, हे तिच्या कानावर गेलं होतंच. पण गालाकडे नजर जाताच तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं ताप बघितला, जबड्याखाली बोटांनी चाचपलं, तोंड किती उघडतंय ते पाहिलं.

"काका, गिळायला त्रास होतोय? श्वासाला?"

गुरुदासानं नाही म्हणून मान हलवली.

"देव पावला म्हणायचा. सूज खाली गळ्याकडे पसरायला लागली असती तर मी तुम्हाला तडक मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं. ऐका. आतला पू आज काढायचा. आणि तुम्हाला अँटिबायोटिक द्यावं लागणार, आजच."

गुरुदासानं रुक्मिणीकडे बघितलं. एवढ्या तापातही त्याच्या डोळ्यांत जिंकल्याची चमक आली. बघ, शेवटी गोळीच, असं ती चमक म्हणत होती.

"आतापर्यंत काय घेतलंत?" प्राजक्तानं विचारलं. रुक्मिणीनं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

प्राजक्तानं आत डोकावलं. अर्धी कापलेली पाकिटं, सुट्या कॅप्सूल, रंग उडालेल्या गोळ्या, तळाशी थोडा अंगारा. तिला आधी हसू फुटलं. मग एकेक पाकीट उलटसुलट करून ती वरच्या तारखा वाचू लागली. "ह्यातल्या अर्ध्याअधिक कधीच्याच बाद झाल्यात. कोण कोण खातं ह्यातलं?"

"आख्खी वाडी," रुक्मिणीनं सांगून टाकलं.

इथे डॉक्टरीणबाईंची शुद्ध भाषा सुटली. "काय करतास काय तुमी, काका?" ती म्हणाली, आणि खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. "तुमच्या विहिरीत कावळो मरान पडलो. पाण्याक वास येता. तुमी काय करतलास? कावळो बाहेर काढतलास, काय रोज वरसून ब्लिचिंग पावडर मारीत बसतलास?"

गुरुदासानं फटीतून आवाज काढला, "काफळो."

"मग दाढ म्हणजे काय? ती आतून कधीच मेली. मेलेल्या दाढेत रक्त जात नाही, आणि गोळी रक्तातूनच जाते. तिनं बाहेरची सूज थोडी निवळते आणि तुम्हाला वाटतं बरं झालं. कावळा आतच. बाबूच्या दाताला साधी कीड होती, ती काढून भरली की काम झालं. त्याला अँटिबायोटिक कशाला देऊ मी? तुम्हाला देतेय, कारण तुमचा ताप आणि ही पसरलेली सूज. पण तुमची ती लाल-पिवळी आता चालेल ह्याची मला खात्री नाही. थोडी थोडी खाऊन आतल्या जंतूंना तुम्ही तिची चांगली ओळख करून दिलीत. म्हणून दुसरी देतेय. हीही वाडीभर अशीच वाटलीत, तर उद्या कुणाला खरोखर गरज लागेल तेव्हा मी हातात काय घेऊ?"

हे वाक्य गुरुदासाला लागलं. दाढेपेक्षा जास्त लागलं. आपण लोकांचं भलं करतोय ह्याबद्दल त्याच्या मनात कधी शंकाच आली नव्हती. डब्याला हात घालताना त्याला जे वाटे ते नारळ हातात घेताना वाटे तेच; आणि त्या दोन्हीत फरक असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

प्राजक्तानं इंजेक्शन देऊन हिरडीला चीर दिली. जे बाहेर आलं त्याचं वर्णन नको, जेवायच्या वेळी कुणी वाचत असेल. चिठ्ठी देताना ती म्हणाली, "लिहिल्यात तेवढ्याच घ्यायच्या, सांगितलेल्या वेळेला. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबायचं नाही. थांबायचं कधी ते मी बघून सांगणार. आणि सूज उतरली की दाढ काढायची."

"गाऱ्हाणां?" गुरुदासानं विचारलं. त्या एका शब्दात त्याचा सगळा जीव होता.

"काका, दाढेनं कुणी बोलत नाही," प्राजक्ता म्हणाली. "शिट्टी वाजली तर मी दवाखाना बंद करून वैभववाडीला जाईन."

सूज उतरली. पुढच्या खेपेला दाढ निघाली, आणि निघताना तिनं काही फार तमाशा केला नाही. परतीच्या गाडीत गुरुदास खिडकीला तोंड लावून हळूच 'म्हाराजा, म्हाराजा' म्हणून बघत होता. शिट्टी नव्हती. पुढच्या बाकावरच्या बाईनं तेवढी जागा बदलली.

आता सगळं आलबेल व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराकाकी गाल धरून ओसरीवर आली.

"गुरुदासा, दात सळसळता रे. एक दी बघूया."

गुरुदासाची पंचाईत झाली. डबा प्राजक्तानं ठेवून घेतला होता. पण त्याच्या स्वतःच्या चालू गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात होतं, आणि काकीला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. ह्या बाईच्या हातची शिरवाळी खाऊन तो लहानाचा मोठा झाला. तिला आजवर त्यानं कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"काकी, गोळी देवचंय नाय," तो म्हणाला. "तू कसालाक जा. दात दाखय."

"माका नाय?" काकीनं विचारलं.

"कोणाकच नाय."

काकीनं त्याच्याकडे नीट बघितलं, त्या कोनाड्याकडे बघितलं आणि पदर सावरून उठली. "बरां," एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की गुरुदासाला आता स्वतःपुरतंच कळतं, चांगल्या गोळ्या तो घरात ठेवतो आणि म्हातारीला हात हलवत परत पाठवतो. दत्तारामानं ह्यात काही भर घातली नाही. त्याला तशी गरजच पडली नाही.

त्यानंतर ओसरीवर कुणी येईना. बाबू रिक्षा घेऊन समोरून जाई, पण हॉर्न वाजवत नसे. गुरुदास सकाळ-संध्याकाळ वेळेवर गोळी घेई आणि रिकाम्या बाकाकडे बघत बसे. त्याला फार वाईट वाटत होतं. तोंड बरं झालं होतं, आवाज परत आला होता, आणि तो ऐकायला बाकावर कुणी नव्हतं. 'एक दिली असती तर काय बिघडलं असतं', हे त्याच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण मग त्याला प्राजक्ताचा प्रश्न आठवे, मी हातात काय घेऊ, आणि तो कोनाड्याकडे पाठ करी.

पौर्णिमेला पावसानं दुपारी उघडीप दिली. ढोल वाजले, सगळी वाडी किनाऱ्यावर जमली. प्राजक्ता आणि तिचा नवराही कसालहून आले होते. गाऱ्हाण्याचा मान रीतीनं गुरुदासाचाच, तो कुणी काढून घेतला नाही. पण एरवी 'येवा, येवा' करणारी माणसं त्याला वाट देऊन बाजूला झाली, इतकंच. दत्ताराम अगदी जवळ उभा राहिला. वेळ आली तर असावं म्हणून.

गुरुदासानं नारळ हातात घेतला आणि लाटांकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा."

"होय म्हाराजा."

आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

"आज पुनवेच्या दिसाक तुझ्या लेकरांनी ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घी."

"होय म्हाराजा."

"दर्यात गेल्लो सांजेक सुखान घराक येवंदे. जाळ्यात म्हावरां गावंदे. डिझेलाचो भाव उतरांदे."

"होय म्हाराजा." डिझेलाला रुकार जरा जोरात पडला.

इथे गाऱ्हाणं संपतं आणि नारळ पाण्यात जातो. पण गुरुदास नारळ धरून तसाच उभा राहिला.

"आणि म्हाराजा, आजपासून ह्या वाडीतलो कोण ल्हान-थोर दुसऱ्याच्या घरातली गोळी खावचो नाय."

"होय म्हाराजा," सवयीनं सगळे म्हणून गेले, आणि मग आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"डॉक्टराकडे अँटिबायोटिकचो हट्ट धरूचो नाय. डॉक्टरान दिली, तर तेच्या सांगण्यापरमान घेवची. आपल्या मनान सोडूचो नाय, आणि उरवून डब्यात ठेवचो नाय."

ह्या खेपेला रुकार पडला नाही. ढोलवाल्यांनी काठ्या खाली केल्या. देवासमोर बोललेल्या शब्दाला रुकार द्यायचा म्हणजे तो शब्द पाळायचा, हे पाटवाडीत शेंबड्या पोराला कळतं. आणि रुकार दिला नाही तर गाऱ्हाणं अडलं. दर्यासमोर अडलेल्या गाऱ्हाण्यावर हंगाम सुरू करायची कुणाची छाती नव्हती. दत्ताराम घसा साफ करून इकडेतिकडे बघू लागला. रुक्मिणीनं डोळे मिटून घेतले. गुरुदास लाटांकडे बघत उभा होता, आणि आपण नको ते करून बसलो असं त्याला वाटायला लागलं होतं. सगळं वर्ष, सगळा मान, आता ह्या वाळूत जाणार.

"होय म्हाराजा."

आवाज बारीक होता, म्हातारीचा. मथुराकाकी गालाला पदर लावून सगळ्यांच्या पुढे येऊन उभी होती. ती मागे वळली आणि लोकांना म्हणाली, "काय, जीभ विकलास काय सगळ्यांनी?"

मग बाबू म्हणाला. मग दत्ताराम. आणि मग सगळी वाडी एका दमात "होय म्हाराजा" म्हणाली. प्राजक्तानं ते डोळे विस्फारून ऐकलं. ढोल पुन्हा सुरू झाले आणि गुरुदासानं नारळ लाटेवर सोडला.

माणसं पांगायला लागली तशी काकी त्याच्याजवळ आली. "माझो दात अजून दुखता," ती म्हणाली.

"काकी, गोळी..."

"गोळी कोण मागता? आताच देवाक शब्द दिलंय." मग तिनं पदर गालाला घट्ट धरला. ह्या वयात कबूल करायला तिला अवघड जात होतं. "माका त्या खुर्चयेची भीती वाटता रे. तू माझ्यावांगडा कसालाक येशीत? थंय माझ्यासाठी देवाकडे चार शब्द बोल. तुझ्या गोळयेत काय होता देवाक म्हायत. तू बोललंस काय माका धीर येता, म्हणान मी तुझ्याकडे येत होतंय."

गुरुदासानं बोलायला तोंड उघडलं. इतके दिवस आपल्याला वाटत होतं लोक डब्यासाठी येतात, आणि ही म्हातारी तर आपल्यासाठी येत होती. त्याला इतकं भरून आलं की टोपी काढून त्यानं डोळे पुसले, आणि ह्या खेपेला तापाचं निमित्तही नव्हतं.

"येतले ते," शेवटी त्याच्या वतीनं रुक्मिणीच म्हणाली. "सकाळच्या पयल्या गाडीन जावया आपण. मीय येतंय."